खोक्यातले 300 गेम आणि शिवणगावचं अंगण

आजचा एपिसोड मिहानमधून. इथल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुणाला 'कन्सोल' म्हटलं की प्लेस्टेशन आठवतो. पण वीस वर्षांपूर्वी आमच्याकडे कन्सोल यायचा तो डीव्हीडी प्लेअरच्या खोक्यातून! सोबत वायरचे दोन जॉयस्टिक आणि '300 गेम्स' लिहिलेली सीडी. तीनशे कसले, तेच गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. त्यातले बरेचसे 1983 साली जपानात आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉमचे, अर्थात विनापरवाना.

खरी गंमत रिमोटची. प्लेअरवर जेमतेम चार-पाच बटणं. गेमचा मेनू, पुढचं गाणं, ते न समजणारं 'पीबीसी', सगळं रिमोटवर. तो आजोबांच्या उशाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, वरून रबर लावून. जॉयस्टिक आमच्या हातात असला तरी मालक कोण, हे सांगायला नको.

त्याच प्लेअरवर व्हीसीडी लागायच्या. हा फॉरमॅट 1993चा. गाण्याच्या सीडीच्याच वेगात चित्रही बसवायचं, म्हणून चित्र फक्त 352 बाय 288 ठिपक्यांचं आणि एका डिस्कवर साधारण 74 ते 80 मिनिटं. म्हणून तर सिनेमा दोन-तीन डिस्कचा असायचा आणि ऐन फायटिंगच्या आधी कुणीतरी उठायचं! अमेरिकेत व्हीसीडी फारशी चाललीच नाही. आपल्याकडे मात्र लग्नाची शूटिंग घरोघरी तिच्यावरच आली.

आता मिहान. विमानतळ आणि सेझच्या या प्रकल्पासाठी 2002 साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही या भागातल्या जमिनी गेल्या. आमचं घरही शिवणगावचं. 2004 मध्ये आत्याचं लग्न तिथल्या अंगणात झालं. आता ते घर नाही. अंगण, विहीर, ओटा हे सगळं हलताना दिसतं ते फक्त त्या दोन डिस्कवर.

आणि ती लावायची कशावर? चुलतभावाचा प्लेस्टेशन 2 डीव्हीडी चालवतो, पण व्हीसीडी घेत नाही. 2013चा प्लेस्टेशन 4 तर साधी गाण्याची सीडीही वाचत नाही. जुना प्लेअर आहे, पण त्याचा रिमोट हरवला. फोनमधलं रिमोटचं ॲपही इन्फ्रारेड असलेल्या मोजक्याच फोनवर चालतं.

तर भाऊ, घरी अशी डिस्क असेल तर सीडी ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर शोधा. डिस्कवर 'एमपीईजीएव्ही' नावाचं फोल्डर असतं, त्यात 'डॅट' फाइल. ती कॉपी करा, व्हीएलसीमध्ये सरळ चालते. घाई करा, कारण स्टुडिओवाले बहुधा कॉम्प्युटरवर लिहिता येणाऱ्या कोऱ्या सीडी वापरायचे. त्यातला रंगाचा थर उन्हाने, उष्णतेने उडतो. आणि आपला नागपूरचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे.

आमची पहिली डिस्क पूर्ण निघाली. दुसरी साठ टक्क्यांवर अडकते. पुसून पाहिली, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. आत्या दर दोन दिवसांनी फोन करते, "विहिरीपाशी आई उभी होती, ते आलं का रे?"

अजून नाही. या रविवारी बर्डीत एकाकडे जुना ड्राइव्ह आहे म्हणतात, तिकडे जातोय.