बाटलीवरच्या कागदाची गोष्ट

दारू प्यावी की नाही, यावर आपल्याकडे रोज भांडणं होतात. आज तो विषय नाही. आज बाटलीवर चिकटवलेल्या कागदाबद्दल लिहितोय, कारण बनावट दारूची बातमी करताना माझं लक्ष दरवेळी तिथेच जातं.

युरोपात पूर्वी वाईन पिंपातून विकली जायची. लेबल कशाला हवं? विश्वास दुकानदारावर. १७९६ च्या सुमारास बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डरने शिळाछपाई शोधली आणि पुढच्या शतकात छापील लेबल स्वस्त झालं. पण तळघरातल्या ओलीत कागदाला बुरशी धरायची, लेबल गळून पडायचं. बोर्दोवाले तर बुचावरही नाव आणि साल उमटवायचे. कागद गेला तरी ओळख राहावी!

लेबल स्वस्त झालं तसं नकली लेबलही स्वस्त झालं. ब्रिटनमध्ये १८७६ साली ट्रेडमार्क नोंदणी सुरू झाली, तेव्हा पहिला क्रमांक लागला 'बास' या बिअर कंपनीच्या लेबलावरच्या लाल त्रिकोणाचा. चिन्हाला कायद्याचं संरक्षण मिळालं. कागदाचा प्रश्न तसाच राहिला.

साधा कागद भिजला की त्याच्या तंतूंची पकड सुटते आणि लगदा होतो. विसाव्या शतकात लगद्यातच रेझिन मिसळून ओलाव्यात टिकणारा कागद बनू लागला. व्हाइट वाईनची बाटली बर्फाच्या बादलीत तासभर ठेवली तरी लेबल शाबूत राहतं, ते अशा कागदामुळे.

बिअरचं गणित वेगळं. बाटली परत येते, गरम कॉस्टिक सोड्यात धुतात. तिथे लेबल झटकन सुटलं पाहिजे, तेही अख्खं. लगदा झाला तर मशीन तुंबतं. म्हणजे एकाला चिकटून राहणारं लेबल हवं, दुसऱ्याला सुटणारं.

आणि तिसरा गिऱ्हाईक म्हणजे बनावट माल भरणारा. त्याला हवी असते महागड्या ब्रँडची रिकामी बाटली, लेबल कोरं करकरीत. जितका कागद टिकाऊ, तितकं त्याचं काम सोपं. म्हणूनच अनेक राज्यांत उत्पादन शुल्क खात्याचं लेबल बुचावरून चिकटवतात. बूच फिरलं की ते फाटलंच पाहिजे.

चांगला कागद कोणता, याचं उत्तर बाटलीचं पुढे काय होणार यावर ठरतं. कंपन्या त्यांचं बघतील. आपल्या हातात एवढंच आहे: रिकामी बाटली भंगारात देण्याआधी लेबलावर किल्लीने चार ओरखडे मारा. फुकटचं काम आहे, पण कुणाचा तरी जीव वाचू शकतो.