फालुनचा तांबडा रंग : जीर्ण होण्याची एक रीत

स्वीडनच्या ग्रामीण भागातील लाकडी घरांचा तांबडा रंग हा त्या देशाच्या राष्ट्रीय भावनेचा द्योतक मानला जातो, आणि त्याच्या दीर्घायुष्याचे श्रेयही बहुधा त्या भावनेलाच दिले जाते. ही उपपत्ती खोटी नव्हे, पण अपुरी आहे. हा रंग शतकानुशतके टिकला याचे एक महत्त्वाचे कारण तो ज्या रीतीने जीर्ण होतो त्या रीतीत सापडते, असे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

डालार्ना प्रांतातील फालुन येथे मध्ययुगापासून तांब्याची खाण चालू होती. तांबे काढण्यास निरुपयोगी ठरलेले खनिज तेथे ढिगांनी साठे व हवापाण्याने कुजून त्याची लोहयुक्त माती होई. ती धुऊन, वाळवून भाजली म्हणजे तांबडी पूड मिळते. आपल्याकडील गेरूशी तिचे नाते जवळचे आहे. सोळाव्या शतकात हा रंग राजवाड्याच्या छपरांसाठी वापरला जाऊ लागला. सतराव्या शतकात सरदारांच्या लाकडी वाड्यांना त्याने विटांच्या बांधकामाचा आभास प्राप्त करून दिला. १७६४ पासून त्याचे कारखानदारी उत्पादन सुरू झाले आणि एकोणिसाव्या शतकात तो सामान्य शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचला.

ही पूड, राय धान्याचे पीठ, हिराकस व पाणी एकत्र शिजवून रंग तयार होतो. त्यात पुष्कळदा थोडे जवसाचे तेलही घालतात. उघड्या लाकडातील लिग्निन सूर्यप्रकाशाने विघटित होते, पाऊस ते धुऊन नेतो आणि पृष्ठभाग करडा पडतो. लोहभस्माचे कण हा प्रकाश शोषून घेतात व स्वतः फिके पडत नाहीत. झिजते ते पिठाचे बंधक द्रव्य. त्यामुळे रंगाचे पापुद्रे सुटत नाहीत. तो भुकटीच्या रूपाने कणाकणाने गळतो. भिंतीवर हात फिरविल्यास तळवा तांबडा होतो. सुटी भुकटी झाडून टाकली की जुन्या थरावरच नवा हात देता येतो.

याउलट, विसाव्या शतकात प्रचारात आलेले कृत्रिम राळेचे रंग लाकडावर अखंड पटल निर्माण करतात. लाकूड ओलाव्याने फुगते व आकसते, पटल मात्र कालांतराने ताठर होऊन भेगाळते. भेगांतून शिरलेले पाणी आत कोंडते आणि वरून नीटस दिसणारी भिंत आतून कुजू शकते. फालुनच्या रंगाचा थर सच्छिद्र असल्याने शिरलेला ओलावा बाहेर पडू शकतो.

खाणीचे काम १९९२ मध्ये थांबले. २००१ मध्ये खाण व तिचा परिसर जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाला. जुन्या ढिगांतील मातीपासून रंग मात्र अद्याप तयार होतो. जुन्या वास्तूंचे जतन करणाऱ्यांनी यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. लेप किती वर्षे नवा दिसतो, एवढ्यावरून त्याची योग्यता ठरत नाही. तो झिजताना आतील लाकडास अपाय करतो की नाही आणि पुढील पिढीस त्याचे नूतनीकरण सुलभतेने करता येते की नाही, हेही पाहिले पाहिजे.