कार-वाहक ट्रेलरचालक (भारत)

कारखान्यातून निघालेल्या नव्या मोटारी दुमजली बंदिस्त ट्रेलरवरून विक्रेत्यांपर्यंत नेणारा अवजड वाहनाचा चालक. चाकण, मानेसर, श्रीपेरुंबुदूर, साणंद ही त्याची प्रमुख ठाणी.

मोटार वाहन अधिनियम, 1988 नुसार परिवहन वाहन चालवण्यास वयाची 20 वर्षे पूर्ण असावी लागतात. अशा वाहनाच्या शिकाऊ परवान्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष असावा लागतो. आठवी उत्तीर्णतेची अट 2019 मध्ये रद्द झाली. परवाना मिळाला तरी खरे कसब बहुधा उस्तादाच्या हाताखाली, क्लीनर म्हणून राबतच येते. मोटार अरुंद उतरणीवरून वरच्या मजल्यावर चढवणे, चाके पट्ट्यांनी आवळणे, चढवताना व उतरवताना प्रत्येक ओरखडा कागदावर नोंदवणे हे त्यातले मुख्य. भरतीही बरीचशी गावच्या ओळखीतून होते.

वेतन अनेकदा फेरीवर ठरते. डिझेल, टोल व जेवणखर्चासाठी उचल मिळते. परतीचा माल मिळेपर्यंत दिवस वाया जातात आणि मोटारीला लागलेल्या ओरखड्याची भरपाई कधी चालकाच्याच पैशांतून कापली जाते. ही पद्धत अन्यायाची आहे, कारण जोखीम सारी त्याच्यावर येते. मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 ने दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली. फेरीवर मोबदला मिळणाऱ्याला ती पाळणे परवडत नाही. अलीकडे लांब पल्ल्याच्या काही मोटारी रेल्वेने जाऊ लागल्या आहेत; गुजरातमधील हंसलपूरच्या मोटार कारखान्यात 2024 मध्ये रेल्वे सायडिंग सुरू झाले.