वर्धेपलीकडचा पिंपळ

कोरपन्याच्या बसस्टँडसमोर पानठेल्यावर तुम्ही उभे आहात. ठेलेवाला सुपारी-तंबाखूवर चुना टाकून खर्रा घोटतोय. समोरून ट्रक जातो आणि पांढरी धूळ डोळ्यांत जाते. या भागातली जमीनच चुनखडीची. गडचांदूर-आवारपूरचे सिमेंट कारखाने तिच्यावरच उभे आहेत. तुम्ही डोळे चोळून बघता तर ठेला नाही, डांबरी रस्ता नाही. पुरुषभर उंच ज्वारी आणि मधून गेलेली चाकोरी. 1858 चा ऑक्टोबर आहे.

इथे राणीचं राज्य नाही, कंपनीचंही नाही, निजामाचं आहे. (हा राजुऱ्याचा मुलूख चांदा जिल्ह्याला जोडला जाणार तो थेट 1959 मध्ये.) माणिकगडाचे डोंगर उजव्या हाताला ठेवून तुम्ही चालू लागता. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्धा लागते. पलीकडे बल्लारशाचा गोंड राजांचा किल्ला, आणि तिथून गोऱ्यांचा अंमल. 1853 मध्ये नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, आणि डलहौसीने वर्षभरात राज्य खालसा केलं. चांदा त्यातच गेला.

डोंगेवाला तुम्हाला न्याहाळतो.

"चांद्याले चाल्ला का गा? आज नोको जाऊ. तठी फाशी हाय."

तारीख तुम्हाला तेव्हा कळते. 21 ऑक्टोबर. फाशी कोणाला, हे तो सांगत नाही.

चांद्याच्या परकोटात माणसं हळू बोलतायत. तुरुंगाच्या दाराशी शिपाई, भिंतीवरून दिसणारा पिंपळाचा शेंडा. आत बाबुराव पुल्लेसूर शेडमाके आहे. मोलमपल्लीचा जमीनदार, वय पंचवीस. गर्दीतला म्हातारा तुमच्या कानाशी लागतो: पोरगा रायपूरला शिकला, गोऱ्यांची भाषा वाचतो.

इथे क्षणभर थांबा, कारण मला या शिक्षणाचा हिशेब छळतो. याच वर्षी तिकडे झाग्रेबात योसिप येलाचिच हा क्रोएशियन सरदार आजारपणाचे दिवस काढतोय. तोही आपल्या, म्हणजे ऑस्ट्रियाच्या, साम्राज्याच्या शाळेत शिकला, सैन्यात अधिकारी झाला, चढत चढत सेनापतिपदापर्यंत गेला आणि 1848 मध्ये बादशहासाठी हंगेरीवर चालून गेला. बाबुरावासाठी ती वाटच नव्हती. कंपनीच्या पलटणीत हिंदी माणूस कितीही खानदानी असो, फार तर सुभेदार-मेजर. कालपरवा मिसरूड फुटलेला गोरा लेफ्टनंट त्याच्या वर. शिकलेल्या गोंड जमीनदाराने करायचं तरी काय? साऱ्याचे हप्ते मोजायचे?

त्याने रोहिले आणि गोंड जमवले. मार्चमध्ये राजगड परगणा घेतला. नांदगाव-घोसरीला कॅप्टन क्रिक्टनच्या फौजेशी गाठ पडली. अडपल्ली-घोटचा व्यंकटराव येऊन मिळाला. 29 एप्रिलला प्राणहितेकाठी चुंचगुंडीला तारायंत्राच्या छावणीवर घाला पडला. छावणीतले गार्टलंड आणि हॉल मेले, पीटर निसटला. तारायंत्रावर झालेला हा हल्ला साहेबाला फार झोंबला असणार. तार म्हणजे त्याची नस.

"मंग धरला कोनी?" तुम्ही विचारता.

म्हातारा इकडेतिकडे बघतो. "अहेरीच्या लक्ष्मीबाईनं."

ती गोंडच, जमीनदारीणच. सप्टेंबरच्या 18 तारखेला बाबुराव तिच्यामार्फत इंग्रजांच्या ताब्यात गेला. बक्षीस म्हणून व्यंकटरावाची जप्त केलेली 67 गावं तिला मिळायची आहेत. तिला नुसती फितूर म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. अहेरी वाचवायची होती तर तिच्यापुढे वाटा किती होत्या? पण गावं ती मोजून घेणार, हेही खरंच. येलाचिचच्या क्रोएशियाच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. हंगेरी दबल्यावर व्हिएन्नाने हंगेरीबरोबर क्रोएशियालाही एकाच दावणीला बांधलं.

दुपार कलते. आत काहीतरी होतं आणि पिंपळावरचे कावळे एकदम उठतात. गर्दीत कोणी रडत नाही. एक बाई जमिनीला हात लावून कपाळाला लावते.

बातम्या मात्र बाहेर यायला लागतात आणि पाचपन्नास पावलांतच त्यांची कथा होते. दोर तुटला म्हणे. पुन्हा तुटला. त्यानं बांबूवरचा ताडवा खाल्ला होता, मरण लागत नव्हतं त्याला. शेवटी साहेबानं पेटत्या चुन्यात टाकला. खरं काय ते भिंतीआड. पण ही गोष्ट पुढे दीडशे वर्षं अहेरीपासून कोरपन्यापर्यंत सांगितली जाणार आहे.

अकरा दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, राणीचा जाहीरनामा वाचला जाईल. व्यंकटराव तोवर जंगलात असेल. बस्तरमध्ये सापडून तो 1860 मध्ये जन्मठेपेला जाईल.

तुम्ही नदीकडे वळता. डोंगेवाला आता काही विचारत नाही. पाण्यावर ऊन चमकतं, डोळे मिटतात.

"भाऊ," ठेलेवाला विचारतो, "चुना जास्त टाकू का कमी?"

तुम्ही त्याच्या बोटांवरची पांढरी पूड बघत राहता.