गिअरबॉक्स बदलल्यावर जुनी जीप थरथरते? दोष मोबाईलने असा शोधा

शहापूर-मुरबाड पट्ट्यात अजूनही जुन्या महिंद्रा जीप जपून ठेवलेल्या दिसतात. विलीजची सीजे-३बी १९५३ मध्ये अमेरिकेत आली आणि तोच साचा महिंद्राने पुढे अनेक वर्षं आपल्याकडे बनवला. यातल्या बऱ्याच गाड्यांचा मूळ तीन गिअरचा बॉक्स काढून चार किंवा पाच गिअरचा बसवलेला असतो. काम झालं की गाडी पळते छान, पण पन्नास-साठच्या वेगाला सगळी बॉडी थरथरायला लागते. मग अंदाजाने एकेक पार्ट बदलणं सुरू होतं आणि पैसे जातात. मी आधी मोबाईल काढतो. कसं ते बघू.

दुर्लक्ष का करू नये?

थरथर म्हणजे नुसता त्रास नाही. तिने जॉइंटचे क्रॉस झिजतात, बोल्ट सैल होतात. प्रोपेलर शाफ्टचं पुढचं टोक चालत्या गाडीत सुटलं, तर ते रस्त्यात रुतू शकतं. माळशेज किंवा कसारा घाटात हे झालं तर काय होईल, सांगायला नको.

काय लागेल?

फायफॉक्स हे मोफत अॅप घ्या. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने ते बनवलंय. त्यातला अॅक्सिलरेशन स्पेक्ट्रम उघडला की सेकंदाला किती कंपनं होतात (हर्ट्झ) ते आलेखात दिसतं. फोन सीटच्या लोखंडी फ्रेमला घट्ट बांधा. हातात धरू नका, आणि आलेख बघायचं काम शेजारी बसलेल्याने करायचं.

आधी हिशोब

चाकाला फीत लावून घेर मोजा. समजा तो २.२ मीटर आला. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर.

• चाक: १६.७ ÷ २.२ = साधारण ७.६ हर्ट्झ
• प्रोपेलर शाफ्ट: सीजे-३बीच्या क्राउन-पिनियनचं प्रमाण ५.३८, म्हणून ७.६ × ५.३८ = साधारण ४१ हर्ट्झ
• शाफ्टच्या जॉइंटचा कोन चुकला असेल तर त्याच्या दुप्पट, म्हणजे ८२ हर्ट्झ

तुमच्या गाडीचं प्रमाण वेगळं असेल तर तो आकडा घाला. एक लक्षात ठेवा: फोनचा सेन्सर सेकंदाला २०० नोंदी घेत असेल तर १०० हर्ट्झपर्यंतच खरं दिसतं. १०० नोंदी घेत असेल तर फक्त ५० पर्यंत, आणि ८२ ची रेघ १८ ला उमटून फसवते. अशा वेळी ताशी ३० ला चाचणी घ्या, सगळे आकडे निम्मे होतील.

आता चाचणी

१. रस्त्यावर: किन्हवली-सरळगाव बाजूचा असो की हायवे, सपाट, मोकळा आणि खड्डे नसलेला तुकडा निवडा. वेग स्थिर ठेवा. ७-८ ला उंच रेघ आली तर चाक, टायर, रिम बघा; गिअरबॉक्सचा संबंध नाही.

२. गिअर बदलून: टॉप गिअर थेट असेल तर इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात, त्यामुळे ४१ ची रेघ दोघांपैकी कोणाचीही असू शकते. म्हणून तोच वेग ठेवून एक गिअर खाली घ्या. रेघ जागेवरच राहिली तर दोष शाफ्टच्या बाजूला. रेघ वर सरकली तर इंजिन-क्लचच्या बाजूला.

३. उभ्या गाडीत: न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, रेस हळूहळू वाढवा. थरथर इथेही आली तर क्लच दाबून बघा. दाबल्यावर थांबली तर क्लच प्लेट किंवा गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट. तशीच राहिली तर फ्लायव्हील, प्रेशर प्लेट किंवा फाउंडेशनचे रबर.

दोष शाफ्टकडे निघाला तर

नवा बॉक्स मूळ बॉक्सपेक्षा लांब किंवा आखूड असतो, म्हणून शाफ्ट लेथवर कापून पुन्हा जोडतात. तिथे तीन गोष्टी बिघडतात.

• बॅलन्स: ४१ ची रेघ उंच. शाफ्ट मशीनवर बॅलन्स करून घ्या.
• काटे: दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत. जोडताना फिरले, तर ८२ ची रेघ वर येते.
• कोन: बॉक्स वर-खाली बसला तरी ८२ च. गाडी सपाट जागी चाकांवर उभी करा, इंजिन बंद, चाकांना दगड. फोनमधलं लेव्हल अॅप आधी गिअरबॉक्सकडच्या फ्लँजला आणि मग पिनियनच्या फ्लँजला, फोन तसाच धरून लावा. दोन्ही आकड्यांत एका अंशापेक्षा जास्त फरक नको. असेल तर क्रॉस मेंबरखाली पॅकिंग किंवा पाट्यांवर तिरपी शिम देऊन तो काढतात. एक्सल जॅकवर लोंबकळत असताना मोजू नका, कोन चुकीचा येतो.

आलेखाचा स्क्रीनशॉट वेगाच्या आकड्यासकट मेकॅनिकला दाखवा. “गाडी थरथरते” यापेक्षा “साठला ८२ ची रेघ येते, गिअर बदलला तरी हलत नाही” हे सांगितलं की बॉक्स पुन्हा उतरवायची वेळ बहुतेक येत नाही. दुरुस्तीनंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला पुन्हा मोजा. रेघ खाली आली तरच काम झालं समजा, आणि मगच घाट चढा.