लिनक्स वितरण व पॅकेज मॅनेजर

लिनक्स वितरण, म्हणजेच बोलीतला डिस्ट्रो, ही लिनक्स कर्नल, ग्नू प्रकल्पाची मूलभूत साधने, लायब्रऱ्या, इन्स्टॉलर, डेस्कटॉप आणि हजारो प्रोग्रॅम एकमेकांशी जुळवून, तपासून एकत्र पुरवलेली मुक्तस्रोत संगणकप्रणाली होय. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला तो फक्त कर्नल. तेवढ्यावर सामान्य माणसाचे काहीच भागत नाही. जुळवाजुळव करणारी मंडळी वेगवेगळी, म्हणून वितरणेही शेकड्यांनी. नवखा वापरकर्ता त्यांतून निवड करताना बहुधा स्क्रीनशॉट पाहतो आणि तिथेच फसतो. डेस्कटॉप तासाभरात बदलता येतो. ग्नोम नको असेल तर केडीई, मशीन जुने असेल तर एक्सएफसीई. प्रोग्रॅम आणून बसवणारा पॅकेज मॅनेजर, त्यामागची रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांचा साठा, आणि ती सांभाळणारे लोक नको झाले, तर डिस्क पुसून नव्याने सुरुवात करावी लागते. निवड खरी त्यांचीच करायची असते.

आज चालू असलेल्या वितरणांत सर्वांत जुने स्लॅकवेअर. पॅट्रिक फोल्करडिंग यांनी ते जुलै १९९३ मध्ये काढले. त्याची पॅकेजे म्हणजे जवळपास साध्या टार फायली. एका प्रोग्रॅमला आणखी काय काय लागते, म्हणजे त्याच्या डिपेंडन्सी, हे पाहण्याची जबाबदारी आजही वापरणाऱ्यावरच असते. त्याच वर्षी १६ ऑगस्टला इयन मर्डॉक यांनी डेबियनची घोषणा केली. डेबियनच्या डीपीकेजीने आणि १९९५ मध्ये रेड हॅटने आणलेल्या आरपीएमने पॅकेजातच डिपेंडन्सींची नोंद घातली. त्यामुळे अडचण नेमकी कुठे आहे ते कळू लागले, पण ती सुटली नाही. एक पॅकेज बसवायला जावे तर ते दुसरे मागायचे, दुसरे तिसरे, आणि तिसऱ्याला हवी असलेली आवृत्ती आधीपासून बसवलेल्या चौथ्याशी पटायची नाही. पीसीक्वेस्ट मासिकासोबत आलेल्या सीडीवर लिनक्स शिकलेल्या पिढीला हा छळ ‘डिपेंडन्सी हेल’ या नावाने पाठ आहे. डेबियनने त्यावर ॲप्ट हा, लागणारी सगळी पॅकेजे स्वतः शोधून आणणारा उपाय काढला आणि १९९९ मधील २.१ या आवृत्तीसोबत तो सर्वांच्या हाती आला. रेड हॅटच्या घराण्यात हेच काम आधी यमने केले, आणि २०१५ च्या फेडोरा २२ पासून डीएनएफ ते करतो.

म्हणजे पॅकेज मॅनेजरला दोन थर असतात. खालचा थर, डीपीकेजी किंवा आरपीएम, हाती दिलेली एक फाईल उघडतो, सामान जागच्या जागी ठेवतो आणि कोणती फाईल कोणाची याची वही राखतो. वरचा थर, म्हणजे ॲप्ट, डीएनएफ किंवा ओपनसुसे या वितरणाचा झिपर, काय काय आणायचे ते ठरवतो. हे ठरवणे दिसते तितके सोपे नाही. कोणत्या आवृत्त्या एकत्र नांदू शकतील हा प्रश्न गणिताच्या भाषेत एनपी-कम्प्लीट वर्गातला आहे. ओपनसुसेने २००८ मध्ये झिपरमध्ये त्यासाठी सॅट सॉल्व्हर, म्हणजे अशा अटींचा मेळ शोधणारी लायब्ररी, बसवला; डीएनएफही पुढे त्याच लायब्ररीवर उभा राहिला. सुरक्षेचा भागही याच थरात येतो. रिपॉझिटरीच्या सूचीत प्रत्येक पॅकेजचा हॅश असतो आणि सूचीवर किंवा खुद्द पॅकेजवर वितरणाची डिजिटल सही. त्यामुळे मिरर, म्हणजे रिपॉझिटरीची प्रत ठेवणारा सर्व्हर, कोणाचाही असो, वाटेत कोणी फाईल बदलली तर ती बसवलीच जात नाही. संकेतस्थळावरून एक्झी उतरवून ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करण्याच्या सवयीपेक्षा ही पद्धत कितीतरी सुरक्षित आहे.

पॅकेज मॅनेजरांचे स्वभाव अपग्रेडच्या वेळी कळतात. सर्व्हरवरची एखादी कॉन्फिग फाईल आपण हाताने बदललेली असते आणि नव्या आवृत्तीत तिची नवी प्रत येते. अशा वेळी डीपीकेजी थांबतो आणि विचारतो: तुमची ठेवू की नवी घालू? दोन्हींतला फरक दाखवायचीही त्याची तयारी असते. नुसते एंटर दाबले तर जुनी राहते. आरपीएम विचारत बसत नाही. पॅकेज बनवणाऱ्याने तशी खूण केली असेल तर तुमची फाईल राहते आणि नवी ‘आरपीएमन्यू’ असे शेपूट लावून शेजारी ठेवली जाते. आर्च या वितरणाचा पॅकमनही ‘पॅकन्यू’ ठेवून पुढे जातो. पन्नास मशीन रात्री आपोआप अपडेट करणाऱ्याला आरपीएमची रीत सोयीची; एकच मशीन जपून वापरणाऱ्याला डीपीकेजीचा प्रश्न बरा वाटतो. मात्र आरपीएमन्यू फायली कोणी उघडून पाहत नाही, हाच सार्वत्रिक अनुभव.

निवडीतला दुसरा, आणि माझ्या मते अधिक वजनाचा, मुद्दा प्रकाशनाच्या धोरणाचा. डेबियन स्टेबल साधारण दोन वर्षांनी येते आणि मग आवृत्त्या गोठवल्या जातात; सुरक्षेची दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत मागे आणून बसवली जाते. त्यामुळे केवळ आवृत्तीचा आकडा वाचणारे ऑडिटवाले दुरुस्त झालेल्या पॅकेजवरही लाल शेरा मारतात, आणि ॲडमिनचा दिवस त्यांना समजावण्यात जातो. उबंटू २००४ पासून दर सहा महिन्यांनी एप्रिल-ऑक्टोबरात येते, पण कार्यालयांसाठी कामाची ती दर दोन वर्षांनी येणारी, पाच वर्षे आधार असलेली एलटीएस. आर्च आणि ओपनसुसे टम्बलवीड ही रोलिंग वितरणे. तिथे आवृत्ती अशी नसतेच, सगळे सतत पुढे सरकते. आर्चवर सूची ताजी करून एकच पॅकेज बसवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. त्या पॅकेजला नवी लायब्ररी हवी असते, बाकी यंत्रणा जुन्या लायब्ररीवर चालत असते, आणि पुढच्या बूटला पडदा काळा.

ताजेपणाची किंमत मार्च २०२४ मध्ये सगळ्यांना दिसली. एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत एसएसएच या दूरस्थ लॉगिनच्या साधनातून शिरकाव करता येईल असा चोरदरवाजा पेरला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला, म्हणून तो चोरदरवाजा सापडला. त्या आवृत्त्या डेबियनच्या अनस्टेबल व टेस्टिंग शाखा, टम्बलवीड, आर्च आणि फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत पोचल्या होत्या. डेबियन स्टेबल आणि रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स बचावली. पण सांभाळकर्त्यांचा हात लागला म्हणजे निश्चिंती, असेही नाही. २००६ मध्ये डेबियनमध्येच ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररीच्या कोडमधून दोनेक ओळी वगळल्या गेल्या आणि जवळपास दोन वर्षे तिथे बनलेल्या किल्ल्या ओळखता येण्याजोग्या निघत राहिल्या. एका प्रकारच्या किल्लीला जेमतेम ३२ हजार शक्यता उरल्या होत्या. मे २००८ मध्ये हे उघड झाले तेव्हा जगभर किल्ल्या बदलाव्या लागल्या.

वितरणामागे कंपनी असेल तर तिचे हिशेबही पाहावे लागतात. रेड हॅटशी तंतोतंत जुळणारे फुकट सेंटओएस हे वेबहोस्टिंगवाल्यांचे लाडके होते. आठव्या आवृत्तीचा आधार २०२९ पर्यंत अपेक्षित होता. डिसेंबर २०२० मध्ये तो २०२१ अखेर संपेल असे जाहीर झाले. त्या रागातून रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स उभी राहिली. उबंटूने २२.०४ पासून फायरफॉक्स फक्त स्नॅप या आपल्या वेगळ्या पॅकेज-स्वरूपात द्यायला सुरुवात केली. ॲप्टने मागितले तरी स्नॅपच येतो. उबंटूवरच बेतलेल्या मिंटने त्याआधीच, २०२० मध्ये, स्नॅपला दार बंद केले होते. विंडोजवरून येणाऱ्याने मिंटपासून सुरुवात करावी, हा सल्ला अजूनही खोटा ठरलेला नाही. दुसऱ्या टोकाला, जेंटू मुख्यतः सोर्सपासून कंपाइल करते, तर निक्सओएस प्रत्येक आवृत्ती हॅशच्या नावाने वेगळी ठेवून क्षणात मागे जाऊ देते. दोन्ही अभ्यासाची वितरणे. शिकण्याची हौस असेल तरच वाटेला जावे.

भारतात सी-डॅकचे बॉस लिनक्स डेबियनवर, तर केरळच्या शाळांतली प्रणाली उबंटूवर आधारलेली आहे. मराठी वापरकर्त्यासाठी रिपॉझिटरीची व्याप्ती फाँटपासूनच जाणवते. लोहित देवनागरी फाँट डेबियनमध्ये ‘फाँट्स-लोहित-देवा’ नावाने, तर फेडोरात भाषेनुसार ‘लोहित-मराठी-फाँट्स’ अशा नावाने मिळत आला. इनस्क्रिप्ट कळफलकाने टाइप करायला आयबस हे साधन आणि त्याचे एम१७एन पॅकेज घातले की दोन्हीकडे काम चालू होते. जुन्या, ३२ बिट संगणकांवर चालणाऱ्या शाळांच्या लॅबना मात्र डेबियनमध्ये फारशी निवड उरलेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. डेबियनच हवे असेल तर त्यांना डेबियन १२ वर थांबावे लागेल, आणि त्या आवृत्तीच्या दीर्घ आधाराची मुदत जून २०२८ पर्यंत आहे.