कापसाची वाट आणि देवाची वाट : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात गणपतीपुळे

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या पर्यटनाचा इतिहास प्रामुख्याने मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वऱ्हाडातील माणूस किनाऱ्यावर केव्हा आणि कोणत्या कारणाने पोहोचला, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. डोंगराच्या पायथ्याशी व समुद्राच्या काठाशी वसलेल्या, रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळे या गावाच्या निमित्ताने यवतमाळ जिल्ह्याच्या बाजूने या प्रश्नाकडे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कापसाची वाट

यवतमाळचा समुद्राशी पहिला आधुनिक संबंध आला तो कापसामुळे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला एकाएकी मोल आले. पुढे १९०३ मध्ये मूर्तिजापूर-यवतमाळ ही सुमारे ११३ किलोमीटरची अरुंदमापी रेल्वे सुरू झाली. हीच लोकांची 'शकुंतला'. कारंजा, दारव्ह्याकडचा कापूस ती मूर्तिजापूरच्या मुख्य मार्गावर पोहोचवी आणि तेथून तो मुंबई बंदराकडे जाई.

म्हणजे येथील शेतकऱ्याचा माल दरवर्षी समुद्र ओलांडत होता. शेतकरी मात्र गाठोडे रेल्वेत चढवून परत फिरत होता. त्या रेल्वेतून माणसेही प्रवास करीत, हे खरे. परंतु ती आखली गेली कापसासाठी. त्यात प्रशासकीय अंतराची भर होती. १९५६ पर्यंत या जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. कोर्टकचेरी, शिक्षण, राजकारण या सर्वांची तोंडे पूर्वेकडे होती. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. कोकण आणि यवतमाळ एका राज्यात नांदू लागले ते तेव्हापासून.

देवांची वाट

माणसांना पश्चिमेकडे नेणारी वाट निराळी होती. पैनगंगा ओलांडली की माहूरची रेणुका, पुढे तुळजापूरची भवानी, मग कोल्हापूरची महालक्ष्मी. साडेतीन शक्तिपीठांपैकी तीन पूर्ण पीठे अशी जवळजवळ एका रेषेत येतात. कोल्हापूरहून आंबा घाट उतरला की रत्नागिरी आणि तेथून किनाऱ्याने गणपतीपुळे. आजचा सुमारे ८०० किलोमीटरचा यवतमाळ-नांदेड-तुळजापूर-सोलापूर-कोल्हापूर-रत्नागिरी हा रस्ता बराचसा याच क्रमाने जातो. केवळ समुद्र पाहण्यासाठी एवढा खर्च करणे शेतकरी कुटुंबाला उधळपट्टी वाटते. देवदर्शनाला जोडून आलेला समुद्र मात्र घरातील वडीलधाऱ्यांनाही चालतो. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवास गणपतीपुळ्यास झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. तरीही अशा कुटुंबाच्या सहलीचे समर्थन देवच करतो.

पेशवाईत या वाटेने उलट दिशेनेही माणसे गेली. गणपतीपुळ्याच्या सभामंडपाचे श्रेय परंपरा ज्यांना देते ते गोविंदपंत बुंदेले जवळच्याच नेवरे गावचे. बुंदेलखंडात कर्तबगारी गाजवून ते १७६० मध्ये, पानिपतच्या अंतिम लढाईपूर्वी, उत्तरेत मारले गेले.

डोंगर आणि पुळण

गणपतीपुळ्याचे वैशिष्ट्य असे की तेथे डोंगरच देव मानला जातो. गाभारा डोंगराच्या पश्चिम पायथ्याशी, समुद्राकडे तोंड करून आहे. प्रदक्षिणा घालायची तर संपूर्ण डोंगराला, सुमारे एक किलोमीटर. 'पुळे' हे नाव 'पुळण' म्हणजे वाळूचा किनारा या शब्दाशी जोडले जाते. यवतमाळच्या भाविकाला यातील गणपती परका नाही. जिल्ह्यातील कळंबचा चिंतामणी जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून कुंडापाशी जावे लागते आणि दर बारा वर्षांनी कुंडाचे पाणी चढून देवाच्या चरणांना लागते, अशी श्रद्धा आहे. कळंबला पाणी देवाकडे येते, पुळ्याला देव पाण्याकडे पाहतो. (२०२४ मध्ये वर्धा-कळंब रेल्वेमार्ग सुरू झाला, शकुंतलेची प्रवासी वाहतूक त्याआधीच थांबली होती.)

परंतु परिचयाच्या या भावनेत एक धोका दडलेला आहे आणि पर्यटनाच्या अभ्यासात त्याची दखल कमी घेतली जाते. अंतर्भागातील माणसाला स्नान म्हणजे नदीचे किंवा कुंडाचे स्नान ठाऊक असते. वर्धा वा पैनगंगा एका दिशेने वाहते. काठावरून खोलीचा अंदाज बांधता येतो. समुद्राचे पाणी परतताना पायांखालची वाळू ओढून नेते, भरती-ओहोटीच्या वेळा रोज बदलतात आणि गुडघाभर पाण्यातील पोहणाराही काही क्षणांत खोल पाण्यात जातो. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पर्यटक बुडण्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. अशा मृत्यूंचे खापर सहसा तरुणांच्या बेफिकिरीवर फोडले जाते. ते पूर्णतः पटणारे नाही. ज्या समाजाने शतकभर समुद्राकडे कापूस पाठवला, त्याच्या पाठ्यपुस्तकांत बंदरांची नावे आली. ओहोटीला पाण्यात उतरू नये, हे कोळ्याच्या मुलाला आपसूक मिळणारे ज्ञान मात्र कोणत्याही शाळेतून दारव्हा किंवा पुसदपर्यंत पोहोचले नाही. सहलीची बस निघण्यापूर्वी कोल्हापूरच्या दर्शनाची वेळ विचारली जाते. पुळ्याच्या भरतीची वेळ कोणी विचारीत नाही.